कार्बन फ्रेमला कोणतं ग्रीस चालतं, आणि कुठे ग्रीस लावूच नये

अलिबागहून एका सायकलस्वाराचा प्रश्न आला आहे. फ्रेम कार्बनची, सीटपोस्ट (सीट ज्या नळीवर बसते ती) अ‍ॅल्युमिनियमचा. दर रविवारच्या राइडनंतर सीट सेंटीमीटरभर खाली बसलेली सापडते. गावातला मिस्त्री म्हणतो, ‘पोस्टला ग्रीस लावून घट्ट आवळा.’ सोबत चालवणारा मित्र म्हणतो, ‘ग्रीसने कार्बन विरघळतं, हात लावू नकोस.’ घरात मोटरसायकलसाठी आणलेल्या एपी-३ ग्रीसचा डबा आहे, तो चालेल का, की महागडी ‘कार्बन पेस्ट’ घ्यावीच लागेल?

आधी कामापुरतं उत्तर. पोस्टवर आणि तो फ्रेमच्या ज्या नळीत जातो त्या सीट ट्यूबच्या आत लागलेलं सगळं ग्रीस पुसून काढा, तिथे कार्बन असेंब्ली पेस्ट लावा आणि पोस्ट आवळणाऱ्या क्लँपवर छापलेल्या टॉर्कपेक्षा (बोल्ट फिरवण्याच्या जोरापेक्षा) जास्त आवळू नका. एपी-३ चा डबा टाकू नका, सायकलमध्ये त्याला इतर जागा आहेत. क्लँपचा बोल्ट ही त्यातली पहिली.

आता कारणं. ती कळली की पुढचा प्रत्येक जोड तुमचा तुम्हालाच ठरवता येईल.

मित्राची भीती खूप जणांना असते. सायकलची फ्रेम म्हणजे कार्बनचे धागे आणि त्यांना धरून ठेवणारं, भट्टीत पक्कं झालेलं इपॉक्सी रेझिन. पक्क्या झालेल्या इपॉक्सीला खनिज तेल, लिथियम ग्रीस, चेनचं तेल यांनी काही होत नाही. बोइंग ७८७ विमानाच्या वजनाचा सुमारे ५० टक्के भाग कंपोझिटचा आहे. त्याच्या पंखांचा सांगाडा कार्बन-इपॉक्सीचा आहे आणि त्या पंखांच्या पोकळीतच इंधन भरलेलं असतं. विमानाची एकूण क्षमता सव्वा लाख लिटरच्या आसपास आहे. विमानाचं इंधन म्हणजे मुख्यतः शुद्ध केलेलं रॉकेलच. ते वर्षानुवर्षं कार्बनला चिकटून राहतं आणि विमान उडत राहतं. तेव्हा चमचाभर ग्रीसने तुमची फ्रेम विरघळणार नाही.

खरं नुकसान करणाऱ्या गोष्टी वेगळ्या आहेत. रंग काढायचं रिमूव्हर, विशेषतः मिथिलीन क्लोराइड असलेलं, रंगासोबत रेझिनवरही हल्ला करतं. ते कार्बनच्या जवळपासही आणू नये. पेंटरकडचा एनसी थिनर क्लिअर कोट खराब करतो. हायड्रॉलिक ब्रेकमधलं डॉट द्रव रंग उचलतं. सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा. सफाईसाठी माझ्या बाकावर आयसोप्रोपिल अल्कोहोलची बाटली असते आणि कार्बनच्या बाबतीत तेवढी पुरते. रॉकेलने फ्रेमला इजा होत नाही, पण मागे तेलकट थर राहतो. म्हणून पकड हवी असलेल्या जागी रॉकेल वापरून उपयोग नाही.

मित्राच्या बाजूने एक गोष्ट मात्र सांगायला हवी. फ्रेमला कुठे तडा असेल आणि त्यात ग्रीस मुरलं, तर पुढे दुरुस्ती करणाऱ्याचं काम फार अवघड होतं, कारण तेलकट धाग्यांवर नवीन रेझिन नीट चिकटत नाही. म्हणून शंका आली की आधी तपासा, मग काहीही लावा.

मिस्त्रीचा सल्ला कुठून आला हेही समजून घेऊ. स्टीलच्या फ्रेममध्ये सीटपोस्टला ग्रीस लावणं अगदी बरोबर आहे. नाही लावलं तर चार पावसाळ्यांत पोस्ट गंजून कायमचा बसतो. आणि तिथे पोस्ट घसरला तर बोल्ट आणखी अर्धा फेरा आवळला तरी जाड स्टीलला काही होत नाही. हीच सवय कार्बनवर आली की गडबड होते. ग्रीसमुळे घर्षण कमी होतं, पोस्ट घसरतो, माणूस बोल्ट आवळतो, तरी घसरतो, आणखी आवळतो. कार्बनचे धागे ओढ फार सोसतात, पण बाहेरून येणारा अरुंद दाब त्यांना सोसवत नाही. सीट ट्यूबच्या वरच्या कडेला, क्लँपच्या खाचेजवळ, बारीक चीर पडते. ग्रीसमुळे बिघडलेल्या म्हणून माझ्याकडे आलेल्या फ्रेम पाहिल्या तर सगळीकडे गोष्ट हीच असते: ग्रीसने फक्त घसरण केली, फ्रेम मोडली ती बोल्ट आवळणाऱ्या एलन कीने.

असेंब्ली पेस्ट याच्या बरोबर उलट काम करते. ती जेलसारखी असते आणि तिच्यात बारीक कण मिसळलेले असतात. बोटांत चोळली की ओल्या वाळूसारखी चरचरते. दोन पृष्ठभागांत हे कण रुतून बसतात आणि कमी दाबात पकड वाढते. फिनिश लाइन, पार्क टूल, टॅक्स, मक-ऑफ, मोटोरेक्स अशा अनेक कंपन्यांच्या पेस्ट मिळतात. त्यांच्यातला फरक फारसा महत्त्वाचा नाही, ताजी आणि न वाळलेली असावी एवढं बघा. एका सायकलला छोटी पुडीही पुष्कळ होते.

गॅरेजमध्ये पेस्ट नसली की कधी कधी कोणी व्हॉल्व्ह घासायची लॅपिंग पेस्ट पुढे करतं. ती कधीही लावू नका. तिच्यातले कण धातू झिजवण्यासाठीच बनवलेले असतात, ते धागे कापत जातात. बारीक वाळू, टूथपेस्ट, केसांचा स्प्रे हे उपायही सोडून द्या.

लावायची पद्धत साधी आहे. जुना थर अल्कोहोलने पुसायचा आणि सीट ट्यूबच्या आतून कापड फिरवायचं. पोस्टचा जेवढा भाग क्लँपखाली येतो तेवढ्यावर आणि त्याच्या थोडं खाली पातळ थर द्यायचा. पोस्ट सरळ आत घालायचा. पेस्ट लावल्यावर पोस्ट गोल गोल फिरवू नका, चरे पडतात. चरे बहुधा वरवरचे असतात, पण खरी चीर शोधताना ते डोळ्यांना फसवतात. मग टॉर्क रेंचने टप्प्याटप्प्याने आवळा. क्लँपवर कमाल ५ न्यूटन मीटर लिहिलं असेल तर ४ पासून सुरुवात करा. पेस्ट असल्यावर बऱ्याचदा तेवढ्यातच काम होतं. पोस्टवर क्लँपच्या अगदी वर इलेक्ट्रिक टेपचा एक वेढा द्या, म्हणजे राइडनंतर घसरला की नाही हे अंदाजावर सोडावं लागणार नाही.

आता तुमच्या बाबतीत माझा संशय आणखी एका जागी आहे. तुम्ही समुद्रकाठी राहता, तेव्हा क्लँपचा बोल्ट काढून त्याचे आटे बघा. टॉर्क रेंच आपल्याला दाब दाखवत नाही, बोल्ट फिरवायला लागणारा जोर दाखवतो. त्या जोराचा मोठा भाग आट्यांतलं आणि बोल्टच्या डोक्याखालचं घर्षण खाऊन टाकतं. अंदाजाचा हिशोब सांगतो. ५ मिलिमीटर जाडीचा बोल्ट ५ न्यूटन मीटरला कोरडा आवळला तर सुमारे ५०० किलोचा ताण येतो. आट्यांना हलकं ग्रीस असेल तर तो पावणेसातशेच्या आसपास जातो. बोल्ट गंजलेला असेल तर साडेतीनशेवरही थांबू शकतो, आणि रेंच तिन्ही वेळा त्याच आकड्यावर ‘टक’ करतो. म्हणजे रेंच खोटं बोलत नसतानाही क्लँप ढिला राहतो. बहुतेक सायकल कंपन्यांचे टॉर्कचे आकडे हलकं ग्रीस लावलेल्या आट्यांसाठी असतात. तरी तुमच्या फ्रेमची पुस्तिका काय म्हणते ते एकदा बघून घ्या, एखाद्या बोल्टला वेगळी सूचना असते.

म्हणून एकाच जोडावर दोन्ही गोष्टी येतात: बोल्टच्या आट्यांना आणि डोक्याखाली ग्रीस, पोस्टला पेस्ट. बोल्टचं ग्रीस पोस्टवर सांडू द्यायचं नाही. कोणत्याही जोडापाशी मी हेच विचारतो की याने काय करायला हवं. घट्ट धरून ठेवायचं असेल तर पेस्ट, फिरायचं असेल तर ग्रीस, आणि वर्षभराने सुखरूप सुटायला हवं असेल तर पाणी अडवणारा कोणता तरी थर. सीटपोस्टकडून आपल्याला यातल्या दोन गोष्टी हव्या असतात, म्हणून तो सगळ्यांना गोंधळात टाकतो.

एवढं करूनही पोस्ट खाली येत असेल तर व्हर्नियरने व्यास मोजा. २७.२ च्या जागी २७ चा पोस्ट घातलेला असणं दुर्मिळ नाही. क्लँपची कड फ्रेमवर पूर्ण बसली आहे का, पोस्ट किमान किती आत हवा ते दाखवणाऱ्या खुणेपर्यंत आत आहे का, हेही बघा. खूण दिसत असेल तर तो पोस्ट लहान आहे. त्यावर बसून सीट ट्यूबवर पडणारा तरफेचा जोर कोणतीही पेस्ट थांबवू शकत नाही.

एअरो (हवा कापण्यासाठी चपट्या आकाराच्या) फ्रेममध्ये गोल पोस्ट नसतो, आत पाचर असते. तिथे पाचरीचे एकमेकांवर सरकणारे तिरपे पृष्ठभाग आणि बोल्ट यांना ग्रीस, आणि पाचरीचा जो चेहरा पोस्टला भिडतो त्याला पेस्ट. उलटं केलं तर पाचर अडकते आणि पोस्ट निसटतो.

समुद्रकाठचा मोठा शत्रू गंज आहे, आणि त्यात कार्बन स्वतः भाग घेतो हे कमी लोकांना माहीत असतं. कार्बनमधून वीज वाहते. अ‍ॅल्युमिनियम त्याला चिकटून असेल आणि मध्ये खारट पाणी आलं तर छोटी बॅटरी तयार होते. या बॅटरीत कार्बन सुरक्षित राहतो आणि अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं. त्याची पांढरी भुकटी होते, ती मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते, आणि पोस्ट ट्यूबमध्ये ठाण मांडतो. ७८७ मध्ये वजनाच्या सुमारे १५ टक्के टायटॅनियम वापरण्यामागे हेही एक कारण आहे, कारण टायटॅनियमचं कार्बनशी पटतं. सायकलींनी हा धडा आधीच घेतला होता. अमेरिकी सायकलपटू ग्रेग लेमाँडने १९८६ ची टूर द फ्रान्स कार्बन नळ्यांच्या सायकलवर जिंकली. त्या पिढीच्या सायकलींत कार्बनच्या नळ्या अ‍ॅल्युमिनियमच्या लगमध्ये (नळ्या जोडणाऱ्या तुकड्यांत) चिकटवलेल्या असत. खारं पाणी शिरून असे जोड सुटू लागले, तेव्हा मध्ये काचतंतूचा थर घालून दोघांना वेगळं ठेवण्याची पद्धत आली.

आपल्याकडे खारं पाणी दोन वाटांनी येतं. एक म्हणजे कोकणची हवा आणि पावसाळा. दुसरी वाट पुण्या-नाशिकच्या घरातही आहे: सायकल जागेवर चालवायच्या ट्रेनरवर गळणारा घाम. तो हँडलबारच्या टेपखाली, हेडसेटमध्ये (हँडल फिरतं त्या बेअरिंगमध्ये) आणि बाटलीच्या स्टँडच्या बोल्टांवर साचतो. ट्रेनरवर वापरलेली सायकल रस्त्यावरच्या सायकलपेक्षा जास्त गंजलेली असते, हे मी वारंवार पाहतो. बाटलीच्या स्टँडचे आटे म्हणजे कार्बनमध्ये दाबून बसवलेली अ‍ॅल्युमिनियमची छोटी नळी असते. तिच्या भोवती रंगाला फुगा आला असेल तर आत गंज सुरू झाला आहे असं समजा. त्या बोल्टांना ग्रीस लावत जा. ही नळी गंजून सुटली आणि बोल्टसोबत गरगर फिरू लागली की ती काढणं त्रासाचं काम आहे.

तुमचा पोस्ट अ‍ॅल्युमिनियमचा आहे, म्हणून पेस्ट लावूनही त्याला विसरू नका. पावसाळ्यात महिन्यातून एकदा आणि एरवी दोन-तीन महिन्यांनी बाहेर काढा, पुसा, नवी पेस्ट लावा. पेस्ट पकड देते आणि काही प्रमाणात पाणीही अडवते, पण ती कायमची नसते. सायकल उलटी करून आत साचलेलं पाणी काढून टाकायला त्याच वेळी मिळतं.

पुढचा भाग मी सगळ्यात गांभीर्याने लिहितो आहे. फोर्कची (पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याची) वर जाणारी कार्बन स्टीअरर ट्यूब आणि हँडल तिच्याशी जोडणारा, तिला धरणारा स्टेम. सीटपोस्ट घसरला तर गुडघे दुखतात, स्टीअरर तुटला तर माणूस तोंडावर पडतो, आणि तो बहुधा आगाऊ सूचना न देता तुटतो. स्टेमच्या आतून ग्रीसचा एक डागही नको. पेस्ट लावायची की कोरडं ठेवायचं, यावर फोर्क बनवणाऱ्याचं म्हणणं अंतिम माना. काही जण पेस्ट सुचवतात, काही नको म्हणतात. ट्यूबच्या आतला फुगणारा प्लग बाहेरून स्वच्छ आणि कोरडा हवा, ग्रीस फक्त त्याच्या आतल्या आट्यांना आणि शंकूला. कार्बन स्टीअररमध्ये स्टीलचं स्टार नट (धातूच्या ट्यूबमध्ये ठोकून बसवायचं दातेरी नट) ठोकू नये. ते ट्यूबच्या आतल्या भिंतीला चरे पाडत जातं. वरची टॉप कॅप फक्त हेडसेटमधला खेळ काढण्यासाठी असते. पकड स्टेमच्या बाजूच्या बोल्टांनी येते. दोन्ही बोल्ट आळीपाळीने, थोडे थोडे आवळा.

टॉर्क रेंच नसेल आणि तुम्ही हाताच्या अंदाजावर असाल, तर लक्षात ठेवा की १० सेंटीमीटरच्या एलन कीच्या टोकाला ५ किलोचा जोर दिला की ५ न्यूटन मीटर होतात. पाच किलो म्हणजे किती कमी, ते एकदा काट्यावर दाबून बघा. पेस्ट आणि रेंच यांत एकच परवडत असेल तर रेंच आधी घ्या.

हेडसेटच्या बेअरिंगची गोष्ट वेगळी. तिथे काही आवळून धरायचं नसतं, म्हणून ग्रीस सढळ हाताने लावा. बेअरिंगच्या बाहेरच्या कड्यावर आणि फ्रेमच्या ज्या खोबणीत ते बसतं तिथेही. खोबणी थेट कार्बनची असली तरी हरकत नाही. एपी-३ इथे चालतं. फक्त त्यातला ३ हा घट्टपणाचा दर्जा आहे, आणि सायकलच्या बेअरिंगला दर्जा २ चं, जरा मऊ ग्रीस जास्त बरं. अलिबागसारख्या ठिकाणी मी कॅल्शियम सल्फोनेट पायावरचं, बोटींसाठी विकतात तसलं ग्रीस निवडेन. ते पाण्याने सहज धुऊन जात नाही आणि गंज चांगला रोखतं. ग्रॅफाइट मिसळलेलं काळं ग्रीस मात्र अ‍ॅल्युमिनियमच्या जोडांपासून दूर ठेवा. ग्रॅफाइट म्हणजे कार्बनच, तो तीच बॅटरी आणखी जवळ आणून ठेवतो. तांब्याचे कण असलेल्या अँटी-सीझबद्दलही (आटे अडकू नयेत म्हणून लावायच्या लेपाबद्दल) ओल्या, खारट जागी मी हेच म्हणेन. टायटॅनियमचे बोल्ट असतील तर मात्र अँटी-सीझ लावावंच लागतं, नाहीतर ते आट्यांतच चिकटून बसतात. अ‍ॅल्युमिनियमचे कण असलेलं मिळालं तर उत्तम. पेडलच्या आट्यांना ग्रीस लावा, ३५ ते ४० न्यूटन मीटरला आवळा, आणि डावं पेडल उलट्या आट्यांचं असतं हे घाईत विसरू नका.

बॉटम ब्रॅकेटबद्दल (पेडलच्या दांड्याच्या बेअरिंगबद्दल) थोडक्यात, कारण त्यात प्रकार फार. आट्यांचं असेल तर फ्रेममध्ये अ‍ॅल्युमिनियमची नळी चिकटवलेली असते, तिच्या आट्यांना भरपूर ग्रीस. दाबून बसवायचं असेल तर आधी कप कशाचा आहे आणि भोक कशाचं आहे ते बघा. धातूत धातू बसत असेल तर ग्रीस किंवा रिटेनिंग कंपाउंड (जोड पक्का धरणारं द्रव). प्लास्टिकचा कप थेट कार्बनमध्ये असेल तर बनवणाऱ्याने सांगितलं असेल तेवढंच. करकर आवाज आला की लगेच हिरवं रिटेनिंग कंपाउंड ओतण्याची घाई नको. ही द्रव्यं हवा नसताना धातूच्या संपर्काने घट्ट होतात. कार्बन आणि प्लास्टिकमध्ये त्यांना वेगळा प्रायमर लागतो, नाहीतर ती महिनोन्महिने ओलीच राहतात, आणि काही प्लास्टिकना त्यांनी तडे जातात. निळ्या थ्रेडलॉकरचंही (बोल्ट ढिला होऊ न देणाऱ्या द्रवाचंही) तसंच: फक्त धातूच्या आट्यांत, एक थेंब, आणि ज्या बोल्टला लॉकर लावलं त्याला ग्रीस नाही.

शेवटी, पोस्ट काढायला गेलात आणि तो आधीच अडकलेला निघाला तर. हातोडा नको. मोठ्या पान्याने पिळू नका, ट्यूब पिळवटते. हीट गन तर मुळीच नको. स्टीलच्या फ्रेमवर तापवण्याची युक्ती चालते, कार्बनवर ती उलटी पडते. अ‍ॅल्युमिनियम तापल्यावर फुगतं, कार्बन जवळजवळ फुगत नाही, त्यामुळे पोस्ट आणखी घट्ट होतो आणि रेझिन मऊ पडण्याचा धोका वेगळाच. इथे थंडी कामाची. २७.२ मिलिमीटरचा पोस्ट ६० अंशांनी गार केला तर त्याचा व्यास साधारण ०.०४ मिलिमीटरने कमी होतो. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण भुकटीचा थर तेवढ्याने सुटू शकतो. क्लँप काढून ठेवा, पोस्ट आणि ट्यूबमधल्या फटीत भेदक (आत मुरणारं) तेल सोडून रात्रभर थांबा. मग पोकळ पोस्टमध्ये कोरडा बर्फ भरा, पण जाड हातमोजे घालून आणि खिडक्या उघड्या ठेवून. काही मिनिटांनी सीट धरून दोन्ही बाजूंना हलकं हलवत वर ओढा. कॉस्टिक सोड्याने अ‍ॅल्युमिनियम विरघळवण्याचा जुना उपाय कोणी सुचवला तर नाही म्हणा. फ्रेममध्ये चिकटवलेले अ‍ॅल्युमिनियमचे इतर भागही त्यात खाल्ले जातात. दोन-तीन प्रयत्नांत पोस्ट हलला नाही तर थांबा आणि कार्बन दुरुस्त करणाऱ्याकडे फ्रेम द्या. तो पोस्ट कापून आतून खरवडून काढेल. त्यात पोस्ट जाईल, फ्रेम राहील.